वाडीतला सोनमासा : ओरांडा कसा जगवायचा, पिल्लं कशी काढायची आणि त्यात पैसा किती

गोंदिया : बाजारातून येताना पोरगं हट्ट धरतं, मग एक काचेचं गोल भांडं आणि त्यात दोन लाल मासे घरी येतात. चार दिवस सगळं घर त्यांच्याभोवती. आठव्या-दहाव्या दिवशी एक मासा उताणा, दोन दिवसांत दुसराही. 'हा मासा टिकतच नाही' असं म्हणून भांडं माळ्यावर जातं.

दुसरीकडे गावागावांत बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. शोभिवंत माशांच्या युनिटला अनुदान मिळते म्हणतात, आपण घ्यावे काय? घरामागे वाडी आहे, विहिरीला पाणी आहे, ढिवर समाजाच्या घरांत तर मासा समजणारी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत. मग अडचण काय?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे पाणी. गोल भांड्यातला मासा ज्या कारणाने मरतो, त्याच कारणाने तीन लाखांचं युनिटही बसतं. म्हणून या लेखात सोनमाशातली एकच जात घेऊ, ओरांडा. दुकानात तिला 'रेड कॅप' म्हणून ओळखतात, कारण पांढऱ्या अंगावर डोक्याला लाल टोपी. ती कशी पाळायची, पिल्लं कशी काढायची आणि त्यात हात घालण्याआधी कोणता हिशोब करायचा, ते पाहू.

हा मासा आला कुठून?

सोनमासा म्हणजे गोल्डफिश हा मूळचा चीनचा. रोहू, कतला, मृगळ ज्या कुळातले, त्याच कार्प कुळातला हा मासा. जंगली सोनमासा दिसायला काळपट-हिरवट, अगदी साधा. सुमारे हजार वर्षांपूर्वी, साँग राजवटीच्या काळात, तळ्यातल्या माशांमध्ये अधूनमधून निघणारे पिवळे-केशरी मासे लोकांनी वेगळे ठेवायला सुरुवात केली. त्यांचीच पिल्लं, पुन्हा त्यातली निवड, असं शेकडो वर्षं चाललं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तो जपानात गेला, सतराव्या शतकात युरोपात पोचला.

'ओरांडा' हे नाव मात्र जपानी आहे. जपानी लोक हॉलंडला ओरांडा म्हणत. त्या काळी परदेशी वस्तू डच व्यापाऱ्यांच्या जहाजातून येत, म्हणून बाहेरून आलेल्या या टोपीवाल्या माशालाही तेच नाव चिकटलं. मासा चीनचा, नाव हॉलंडचं आणि तेही जपान्यांनी दिलेलं, असा हा प्रकार.

ओरांड्याची ओळख सोपी आहे. अंग अंड्यासारखं गोल, शेपटी दुहेरी आणि झुलणारी, पाठीवर पर आहे आणि डोक्यावर मांसल गुठळ्यांची टोपी. पाठीवर पर नसेल आणि टोपी असेल तर तो लायनहेड किंवा रांचू. टोपी नसेल आणि पाठ उंच असेल तर रयुकिन. विकत घेताना एवढं ध्यानात ठेवलं तरी फसगत कमी होते. ओरांड्याची टोपी साधारण तीन-चार महिन्यांच्या वयापासून दिसू लागते आणि नीट भरायला दीड-दोन वर्षं लागतात. म्हणून दोन इंची पिल्लाला टोपी नाही म्हणून नाक मुरडू नका. तसंच 'ही टोपी भरणारच' अशी खात्री देणाऱ्यावर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका.

गोल भांड्यात मासा का मरतो?

मासा खातो, हगतो आणि कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. तळ्यात पाणी अफाट, त्यामुळे तो पातळ होतो आणि जिवाणू त्याला खाऊन टाकतात. चार लिटरच्या भांड्यात तो साठतच जातो. त्याने कल्ले भाजतात आणि मासा पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळू लागतो. लोकांना वाटतं त्याला भूक लागली, म्हणून आणखी दाणे टाकतात. न खाल्लेला दाणा कुजतो आणि अमोनिया आणखी वाढतो. उपासाने मेलेले सोनमासे थोडे, मायेने जास्त खाऊ घालून मारलेलेच जास्त.

सोनमाशाला पोट म्हणजे जठर नसतं. अन्न सरळ आतड्यात जातं, म्हणून तो सारखा खात राहतो आणि सारखी घाण करतो. इटलीतल्या रोम शहराने २००५ मध्ये गोल भांड्यात सोनमासे ठेवायला बंदीच घातली. नीट ठेवलेला सोनमासा दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला 'टिश' नावाचा सोनमासा १९९९ पर्यंत म्हणजे ४३ वर्षं जगला.

हिशोब असा ठेवा. पहिल्या ओरांड्याला ७५ ते ८० लिटर पाणी, पुढच्या प्रत्येकाला आणखी ४० लिटर. म्हणजे दोन माशांसाठी सव्वाशे लिटरची टाकी. जागा नसेल तर गप्पी पाळा. आरोग्य विभागाचे कर्मचारी डासांसाठी टाक्यांमध्ये सोडतात तेच गप्पी. ते लहान जागेत राहतात.

नवीन टाकी, कच्चं पाणी

नव्या टाकीत पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण ते माशासाठी कच्चं असतं. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्यात अजून बसलेले नसतात. ते फिल्टरच्या स्पंजावर, गिट्टीवर, भिंतीवर वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडे, खाणं थोडं आणि दर दोन-तीन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदलणं, हाच उपाय.

जुन्या टाकीचा मळलेला स्पंज नव्या टाकीत पिळला तर काम लवकर होतं. घरातल्या दह्याला विरजण लावतो तसंच हे. स्पंज धुवायचा तो टाकीतल्याच पाण्यात. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात खळखळून धुतला तर विरजणच मेलं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट सांभाळायची. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकते. माणसांच्या आरोग्यासाठी ते गरजेचं आहे, पण त्याच दिवशी तेच पाणी माशाच्या टाकीत गेलं तर संध्याकाळपर्यंत टाकी साफ. पावडर केव्हा टाकणार ते विचारून घ्या, दोन-तीन दिवसांचं पाणी आधीच ड्रममध्ये भरून ठेवा. नळाचं पाणी उघड्या ड्रममध्ये एक-दोन दिवस हवा लावून ठेवलं की क्लोरीन उडतो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे खडे, साधारण १०० लिटरला १ ग्रॅम.

सिमेंटचं नवीन टाकं बांधलं असेल तर त्यात लगेच मासे सोडू नका. सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि पाणी फार खारट-तुरट, शास्त्राच्या भाषेत अल्कधर्मी होतं. टाकं भरून ठेवा, चार-पाच दिवसांनी रिकामं करा, असं दोन-तीन आठवडे करा. केळीचे खांब कापून पाण्यात टाकण्याची जुनी रीतही चांगली आहे. पाण्याचा पीएच ७ ते ८ च्या आसपास आला की मासे सोडा. तपासायच्या पट्ट्या ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतात.

आपला उन्हाळा हीच खरी परीक्षा

ओरांडा हा थंड पाण्याचा मासा. त्याला २० ते २६ अंश तापमान मानवतं. गोंदिया जिल्ह्यात मे महिन्यात हवेचं तापमान ४४-४५ अंशांवर जातं. उघड्यावरच्या उथळ टाक्यातलं पाणी ३५ च्या वर जायला वेळ लागत नाही.

गरम पाण्यात दोन गोष्टी एकदम घडतात. एक, पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसात आणि ४० अंशाला साडेसहाच्याही खाली. दोन, गरम पाण्यात माशाचा श्वास वाढतो, म्हणजे त्याची गरज वाढते. आवक घटली, खर्च वाढला. त्यात लाईन गेली आणि हवेचा पंप बंद पडला की गर्दीच्या टाक्यात पहाटेपर्यंत मासे तरंगू लागतात. पहाटेच का? कारण हिरव्या पाण्यातलं शेवाळ रात्री प्राणवायू बनवत नाही, उलट वापरतं.

उपाय घरचेच आहेत. टाकं जमिनीत अर्धं पुरलेलं असावं, मातीचा गारवा मिळतो. वरून शेडनेट किंवा धानाच्या तणसाचं छप्पर. पाणी दोन-अडीच फूट खोल. दुपारी खाणं बंद, सकाळीच थोडं द्यायचं. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे. आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे मासे कमी ठेवणं. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २ फूट पाणी असलेल्या टाक्यात साधारण ३,४०० लिटर पाणी मावतं. ४० लिटरला एक या मापाने त्यात ८५ मोठे ओरांडे बसतात. पण ज्या गावात रात्री लाईनचा भरवसा नाही, तिथे ४० वरच थांबा. ८५ ठेवून ६० मरण्यापेक्षा ४० ठेवून ४० जगवलेले बरे.

नर कोणता, मादी कोणती?

हे ओळखता आलं तरच पिल्लांचा धंदा. एरवी वर्षभर नर-मादी सारखेच दिसतात. हिवाळा संपता संपता नराच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या पराच्या काठावर पांढरे बारीक दाणे उठतात. हात लावला तर खरखरीत लागतात. नवख्या माणसाला वाटतं पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला. रोगाचे ठिपके अंगभर, शेपटीवर कुठेही येतात. नराचे दाणे मात्र कल्ला आणि पुढचा पर एवढ्यापुरतेच. हा फरक न कळल्याने कितीतरी धडधाकट नरांवर औषधांचा मारा होतो.

मादी वरून पाहिली की पोट दोन्ही बाजूंनी सारखं नसतं, एका बाजूला जास्त फुगलेलं दिसतं आणि हाताला मऊ लागतं. जोडीसाठी एक ते तीन वर्षं वयाचे, चांगले पोहणारे, सरळ पाठीचे मासे निवडा. टोपी फार मोठी होऊन डोळे झाकलेला मासा दिसायला भारी, पण त्याला ना खाणं दिसतं ना मादी. पैदाशीसाठी मध्यम टोपीचाच बरा.

पिल्लं काढायची रीत

निसर्गात हा मासा थंडी संपून पाणी गरम होऊ लागलं की अंडी घालतो. आपल्याकडची थंडी या बाबतीत वरदान आहे. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार होतं, मासे सुस्तावतात. फेब्रुवारीत पाणी २० अंशांच्या वर चढलं की हंगाम सुरू. फेब्रुवारी-मार्च हा मुख्य काळ. एप्रिलचं ऊन लागायच्या आत पिल्लं महिना-दीड महिन्याची झाली पाहिजेत, या बेताने मागे मोजत यायचं.

१. वेगळे ठेवा. जानेवारीच्या शेवटी नर आणि माद्या दोन-तीन आठवडे वेगवेगळ्या टाक्यांत ठेवा. गांडुळाचे बारीक तुकडे, डासांच्या अळ्या, पाण्यातले बारीक किडे असं जिवंत खाणं द्या.

२. टाकं तयार करा. स्वच्छ धुतलेलं टाकं, एक फुटाच्या आसपास पाणी, हळू हवा. अंडी चिकट असतात, त्यांना चिकटायला काही तरी लागतं. नायलॉनच्या सुतळीचे झुबके करा, किंवा जलकुंभीच्या झुबकेदार मुळ्या वापरा. आपल्या तलावांत तिची काही कमी नाही. पण ती तशीच आणून टाकू नका. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट जांभळ्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून, मग साध्या पाण्याने धुऊन घ्या. नाहीतर मुळ्यांसोबत गोगलगाई, जळवा आणि चतुराच्या अळ्याही येतील. चतुराची एक अळी रोज पिल्लं फस्त करते.

३. जोडी सोडा. संध्याकाळी एका मादीमागे दोन नर सोडा. अर्धं पाणी ताजं, थोडं गार असेल तर उत्तम. बहुधा पहाटे नर मादीला ढुसण्या देत पळवतात आणि मुळ्यांवर अंडी पडू लागतात. दोन-चार तास हा खेळ चालतो. दोन दिवसांत काही झालं नाही तर जोडी काढा, आठवडाभर खाऊ घालून पुन्हा सोडा.

४. आई-बाप बाहेर. अंडी पडली की लगेच मोठे मासे काढा. सोनमाशाला आपलं-परकं कळत नाही, तो स्वतःचीच अंडी खातो. दुपारपर्यंत थांबलात तर अर्धी गेलेली असतात.

५. अंडी राखा. एक मादी वयानुसार काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत अंडी घालते. अंडं मोहरीपेक्षाही लहान, पिवळसर पारदर्शक. पांढरं पडलेलं अंडं मेलेलं. त्यावर बुरशी येते आणि ती शेजारच्या अंड्यांवर पसरते. मिथिलीन ब्लूचे थेंब पाणी फिकट निळं होईल इतपत टाकले की बुरशी आटोक्यात राहते. २५ अंशांच्या आसपास दोन-तीन दिवसांत पिल्लं फुटतात, २० अंशांना चार-पाच दिवस लागतात.

६. पहिले तीन दिवस काही नको. फुटलेलं पिल्लू सुईच्या टोकासारखं दिसतं आणि भिंतीला चिकटून राहतं. त्याच्या पोटाला शिदोरी बांधलेली असते. ती संपली की ते आडवं पोहू लागतं. मगच खाणं.

पिल्लाला काय खाऊ घालायचं?

इथे निम्म्याहून अधिक लोक हरतात. पिल्लाचं तोंड इतकं बारीक की बाजारातली पावडरही त्याला दगडासारखी. पहिला आठवडा त्याला डोळ्याला न दिसणारे जीव लागतात. बादलीत पाणी घ्या, त्यात मूठभर धानाचं तणस किंवा केळीचं साल टाका, चार-पाच दिवस सावलीत ठेवा. पाणी आधी ढवळं होतं, वास येतो, मग स्वच्छ होऊ लागतं. तेव्हा त्यात ते जीव झालेले असतात. वाटीभर पाणी दिवसातून तीन-चारदा टाक्यात सोडा. बादलीवर मात्र फडकं घट्ट बांधा. उघडी बादली म्हणजे डासांची पैदास. सोनमाशांच्या टाक्यात डास होत नाहीत, मासे अळ्या खातात. पण शेजारच्या बादल्या उघड्या ठेवल्या तर तुमच्या धंद्यापायी गल्लीत ताप पसरायचा.

अडचणीत उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक मलमलच्या फडक्यातून गाळून देता येतो. पण चिमूटभरच. बलक लवकर सडतो.

दुसऱ्या आठवड्यापासून पाण्यातले बारीक उडते किडे, म्हणजे मोइना. शेण आणि शेंगदाण्याची ढेप घातलेल्या जुन्या पाण्यात मोइना चांगला वाढतो. ज्यांना खर्च झेपतो ते मिठाच्या पाण्यात आर्टेमियाची अंडी फोडतात, साधारण २४ ते ३६ तासांत पिल्लं निघतात. महिन्यानंतर पावडर, मग बारीक गोळी. मोठ्या माशांना कोंडा आणि ढेपेसोबत मासळीची भुकटी घालून केलेली गोळी चालते. गाईसाठी अझोला लावला असेल तर तोही द्या. गोळी पाण्यात भिजवून द्यावी, कोरडी देऊ नये. ओरांड्याचं अंग गोल, आतडी दाटीने बसलेली. कोरडी तरंगती गोळी आणि तिच्यासोबत गिळलेली हवा यामुळे तो उलटा-तिरपा पोहू लागतो. तसं झालं तर दोन दिवस उपास, मग सोललेला उकडलेला वाटाणा.

निवड : इथेच भाव ठरतो

हजार अंड्यांतून हजार ओरांडे निघत नाहीत, ही गोष्ट कुणी आधी सांगत नाही. शेकडो वर्षांच्या निवडीने घडवलेली जात प्रत्येक पिढीत थोडी मागे सरकते. काही पिल्लांची शेपटी एकेरी, काहींची वाकडी, काहींच्या पाठीवर पर नाही, काहींना टोपी येतच नाही. दोन-तीन आठवड्यांनी शेपटी दिसू लागली की पहिली निवड. एकेरी आणि वाकडे बाजूला. दीड महिन्याने दुसरी निवड. रंग मात्र घाई करत नाही. पिल्लं आधी काळपट-हिरवट असतात, दोन ते चार महिन्यांत केशरी-पांढरी होतात. काही जन्मभर तशीच राहतात.

उदाहरणादाखल हिशोब मांडू. एका मादीची १,००० अंडी. त्यातून ६०० पिल्लं फुटली. दोन महिन्यांपर्यंत निम्मी जगली, म्हणजे ३००. त्यातली पाव पिल्लं चांगल्या घडणीची, म्हणजे ७५. उरलेली २२५ साधा गोल्डफिश म्हणून पडत्या भावात. हे आकडे तुमच्याकडे वेगळे येतील, पण वहीत असंच मांडा. १,००० ला भाव लावून स्वप्न पाहू नका. ७५ ला भाव लावा आणि त्यातही लाईट, खाणं, औषध, पिशव्या आणि तुमची मजुरी वजा करा. मग हाती काही उरत असेल तर पुढे जा.

रोग आणि विष

नवीन आणलेला मासा थेट जुन्या टाक्यात सोडू नका. तीन आठवडे वेगळा ठेवा. नव्वद टक्के भांडणं इथेच मिटतात, असं मुरलेले पाळणारे सांगतात. अंगावर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे ठिपके दिसले आणि मासा अंग घासू लागला, तर १०० लिटरला ३०० ग्रॅम जाडं मीठ, हळूहळू विरघळवून दोन दिवसांत घालायचं. पाणी बदलत आठ-दहा दिवस उपचार चालू ठेवायचा. दोन दिवसांत ठिपके गेले म्हणून थांबलात तर रोग परत येतो, कारण त्याची पुढची पिढी तळाशी दबा धरून असते.

दोऱ्यासारखा लटकणारा अँकर वर्म आणि चपट्या उवेसारखा आर्ग्युलस हे दोन परजीवी डोळ्यांना दिसतात. चिमट्याने काढता येतात, पण टाक्यात त्यांची अंडी-पिल्लं राहतात. शेतातलं औषध अंदाजाने टाक्यात टाकण्याचा प्रकार अजिबात करू नका. मत्स्य विभागाचा किंवा जाणकाराचा सल्ला घ्या.

आणि धानाच्या हंगामात एक शिस्त घरातल्या सगळ्यांना लावा. फवारणीचा पंप टाक्याजवळ धुवायचा नाही, फवारणी करून आलेला हात साबणाने धुतल्याशिवाय टाक्यात घालायचा नाही. किड्यासाठी केलेलं औषध माशाच्या कल्ल्याला फार थोडं पुरतं.

तलावात सोडू नका

हा मुद्दा शेवटी असला तरी सगळ्यात मोठा आहे. निवडीत बाद झालेली पिल्लं, नको झालेले मोठे मासे, यांचं काय करायचं? 'सोडून दे तलावात, जगतील बिचारे' हे दयेचं वाटतं. पण त्यात तलावाचं वाटोळं होऊ शकतं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बर्न्सव्हिल नावाचं गाव आहे. २०२१ मध्ये तिथल्या केलर तलावात फुटबॉलएवढे सोनमासे निघाले. घरातून सोडलेले. नगरपालिकेला लोकांना विनवावं लागलं की पाळलेले मासे तलावात सोडू नका. मोकळ्या पाण्यात हा मासा मोठा होतो, तळाचा गाळ उकरतो, पाणी गढूळ करतो, वनस्पती उपटतो. काही पिढ्यांत त्याचा रंगही मूळ हिरवट होतो, म्हणजे ओळखूही येत नाही. आर्ग्युलस आणि अँकर वर्म तर रोहू-कतल्यालाही लागतात.

आपला जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाने आणि त्या काळच्या मालगुजारांनी बांधलेले मामा तलाव, गावोगावच्या बोड्या, नवेगावबांध, बोदलकसा, चुलबंद. त्यांवर धान पिकतं, ढिवरांची चूल पेटते, सारस आणि हिवाळी पाहुणे पक्षी उतरतात. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातल्या लोकांसोबत तलावातली बेशरम काढून देशी पाणवनस्पती लावण्याचं काम केलं, कारण वनस्पती आल्या की देशी मासा परत येतो. एवढ्या कष्टाने लावलेली वनस्पती उकरणारा मासा आपणच नेऊन सोडायचा, हे बरं नव्हे.

पावसाळ्यात बोडी फुटते, शेताच्या बांधावरून पाणी नाल्यात आणि नाल्यातून तलावात जातं. म्हणून सोनमासा बोडीत वाढवायचाच नाही. टाकं असावं तेही पुराच्या पाण्यापासून उंच, आणि पाणी बाहेर जाण्याच्या तोंडाला बारीक जाळी. बाद पिल्लं स्वस्तात विका, शाळेच्या टाक्याला द्या किंवा मरळ पाळणाऱ्याला द्या. तलावात मात्र नाही.

योजना काय देते?

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात शोभिवंत माशांच्या परसातल्या युनिटचा खर्च ३ लाख रुपये, मध्यम युनिटचा ८ लाख आणि पैदास-संगोपन दोन्ही असलेल्या एकात्मिक युनिटचा २५ लाख रुपये धरलेला आहे. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के. म्हणजे ३ लाखांच्या युनिटला महिलेला १ लाख ८० हजार आणि उरलेले १ लाख २० हजार स्वतःचे किंवा कर्जाचे. अनुदान आधी हातात पडेल असं धरून चालू नका. काम दाखवल्यावर ते टप्प्याने मिळतं, तोवर पैसा आपला गुंततो. योजनेची मुदत, अटी आणि यंदाचं उद्दिष्ट जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्त कार्यालयात विचारूनच अर्ज करा. शिकण्यासाठी जवळची जागा म्हणजे नागपूरचं तेलंगखेडी येथील मत्स्य विज्ञान महाविद्यालय.

बाजाराचंही आधी पाहा. आपल्या देशात शोभिवंत माशांचे मोठे बाजार कोलकाता, चेन्नई आणि मुंबईला आहेत. गोंदिया जंक्शन हावडा-मुंबई मार्गावर असल्याने माल नेणं सोपं, पण त्याच मार्गाने कोलकात्याचा स्वस्त मासा आपल्याकडेही येतो. त्याच्याशी भावात टक्कर देता येणार नाही. तुमची जमेची बाजू वेगळी आहे. लांबच्या प्रवासाने दमलेला मासा दुकानात पोचून मरतो, तुमचा मासा दोन तासांत पोचतो आणि इथल्याच पाण्यात वाढलेला असतो. आधी गोंदिया, भंडारा, नागपूरच्या दोन-तीन दुकानदारांना भेटा. महिन्याला किती, कोणत्या मापाचे आणि काय भावाने घेणार ते विचारा. टाकं त्यानंतर बांधा.

सुरुवात लहान ठेवा

पहिलं वर्ष एक टाकं, सहा मासे. दोन माद्या, चार नर. एक उन्हाळा काढा. मे महिन्यात तुमचे सहाच्या सहा ओरांडे जिवंत राहिले, तर तुम्हाला पाणी कळलं. पुढच्या फेब्रुवारीत एक जोडी लावा, पन्नास पिल्लं तरी विक्रीच्या मापाला आणा. मग अर्ज भरा. तोवर वहीत रोज तीन गोष्टी लिहा : सकाळचं पाण्याचं तापमान, किती खाणं टाकलं आणि किती मेले. वर्षाअखेर ती वही हाती असेल, तर कार्यालयातल्या साहेबांपुढे आणि बँकेत तुम्हाला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

आणि ज्यांना धंदा करायचा नाही, पोराच्या हट्टापायी मासा आणायचा आहे, त्यांनी ते गोल भांडं माळ्यावरच राहू द्या. मोठी टाकी घ्या, चार आठवडे पाणी पिकू द्या, मग मासा आणा. पोरगं चार आठवडे वाट पाहील. त्यानंतर कदाचित ते कॉलेजात जाईपर्यंत तोच मासा घरात असेल.